कानामागची पेन्सिल

भोक पाडायच्या आधी मी तीनदा मोजतो.
चौथ्यांदा उईके मोजते,
माझ्या तिन्हींवर तिचा भरवसा नाही.
बरोबर आहे तिचं.
पत्रा एकदा उघडला की उघडला,
भोकाला परतीचा रस्ता नसतो.

सोनेगाव, मे महिना, सकाळचे साडेसहा.
नऊनंतर पंख्याला हात लावणं म्हणजे तव्याला लावणं,
म्हणून आम्ही अंधारातच डबे घेऊन निघालो.
हँगरात सेसना उभं आहे पाठ देऊन,
ढोरांच्या डॉक्टरापुढे म्हैस उभी राहते तसं,
टोचणार हे ठाऊक असल्यासारखं.
चार माणसांचं विमान. माझ्याहून दोन वर्षांनी धाकटं.

ड्रिल शिरतं. कीस बाहेर येतो
वळ्या-वळ्यांचा, उईकेच्या बाहीवर बसतो.
मग भोकाभोवतीचा रंग खरवडायचा:
पांढरा, त्याखाली पिवळा,
त्याखाली कुठल्या तरी जुन्या मालकाचा हौशी निळा,
मग हिरवट प्रायमर,
आणि अगदी तळाशी पत्रा, पहिल्या दिवसासारखा.
अँटेनाला जमीन लागते, मी तिला सांगतो.
आभाळात बोलायचं असलं तरी पायाखाली काहीतरी हवं,
आणि इथं ही पाठच काय ती जमीन.
रंगावर बसवली तर बसते. दिसतेही छान.
बोलत नाही.

आता तार.
स्ट्रोबच्या वायरपासून वीतभर लांब ठेवायची,
नाहीतर त्याची टिकटिक प्रत्येक वाक्यात घुसते.
पत्र्यातून जाईल तिथं रबराची कडी.
वळवायची ऐसपैस, तिला मुरड चालते, मोड चालत नाही.
एवढं सगळं मी बाहेरून बोलतो,
कारण माझं पोट शेपटीत मावत नाही.
आत उईके. दातांत टॉर्च.
बाहेर फक्त दोन पाय, एका मोज्याला अंगठ्याशी भोक.

"सर, हात पुरून नाही राहिला."
"खांदा सोड. श्वास सोड."
"...पुरला. सर, इथं कोणीतरी लिहून ठेवलंय."
"काय?"
"पेन्सिलीनं. येथे ओढू नये. खाली सही बी आहे."

सही माझी आहे.
सत्त्याण्णव साल, तेव्हा मी मावत होतो.

"कोणाची हो सर?"
"असेल कोणाची. ओढू नको म्हणजे झालं."

कनेक्टर दाबला. क्लिक तिला ऐकू आला,
मला तळहातात कळला.
डाव्या कानात माझ्या रातकिडा राहतो,
भरदुपारीही राहतो.
तरुणपणी इंजिनं तपासायचो मी उघड्या कानांनी,
मफ लावणाऱ्यांना हसायचो.
रेडिओवाल्याचे कान जातात ही गोष्ट
मी घरी सांगितली नाही. इथं तर नाहीच.

मीटरचा काटा दीडच्या आत. काटा मला दिसतो,
काट्यावर मी जगतो हल्ली.
शेवटी हेडसेट चढवून टॉवरला विचारलं,
कसं ऐकू येतंय?
उत्तर आलं असणार.
कानात काहीतरी भरलं आणि ओसरलं,
शब्द नव्हता, शब्दाची पाठ होती फक्त.

मी काचेकडे बघत राहिलो.
बाजूच्या सीटवरून, मी न विचारता,
उईकेनं ग्रीसचा तळहात वर केला,
सगळी बोटं पसरून.

पाच.
कधीपासून माहीत आहे तिला? मोजणं चौथ्यांदा
कधी सुरू झालं, तेही आठवेना.
वहीत मी पाच लिहिलं. सही केली. तिनं केली.

शेपटीचं झाकण लावायचं बाकी होतं.
"एक मिनिट सर," म्हणाली, खिसे चाचपले,
टूलबॉक्सात बघितलं, इकडंतिकडं बघितलं.
मी डाव्या कानामागची पेन्सिल काढून तिला दिली.